बंद न होणारा हीटरचा पंखा

सौंसर व पांढुर्णा हे तालुके २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाट लागतो. हिवाळ्यातील पहाटे तेथे मोटारीचा हीटर हवासा वाटतो. परंतु कळ बंद केली, किल्लीही काढली, तरी पंखा फिरतच राहिला तर? पूर्ण वेगात तो सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीनएक तासांत रिकामी होते. रात्री रुग्णास नागपूरला न्यायचे असेल, तर गाडी जागची हलत नाही.

तूर्त पंख्याचा फ्यूज काढून ठेवावा. नंतर तो परत बसवून रिले काढावा. तरीही पंखा थांबला नाही, तर दोष तारांत किंवा वेगनियंत्रकात असतो. थांबला, तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावा. पंखा पुन्हा फिरू लागल्यास कळ तपासावी. न फिरल्यास पहिल्या रिलेचे संपर्कबिंदू वितळून चिकटले आहेत असे समजावे.

केवळ रिले बदलून मोकळे होणे हा मात्र अर्धाच उपाय होय. धूळ व पालापाचोळा अडकून जड झालेली मोटार अधिक प्रवाह ओढते आणि नवा रिलेही चिकटवते. ती काढून स्वच्छ करावी, हाताने सहज फिरते का ते पाहावे. अधिक क्षमतेचा फ्यूज कदापि बसवू नये. त्यामुळे तारा तापून पेट घेऊ शकतात.