दाढेतली न दिसणारी चीर



"डॉक्टर, एक्स-रेत काहीच नाही म्हणाले, पण जेवताना मधूनच अशी सणक येते की घास तोंडातच राहतो." ही तक्रार दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. घरच्यांना वाटतं, मनाचे खेळ आहेत. तसं नसतं. पुष्कळदा दाढेला बारीक चीर गेलेली असते. कॅमेरॉन या दंतवैद्यांनी १९६४ साली या दुखण्याला नाव दिलं, तरी आजही ते सहज सापडत नाही. चीर बहुधा पुढून मागे जाते आणि एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात, म्हणून ती फोटोत उमटत नाही.

तिची खूण वेगळीच. चावताना दुखतंच, पण खरी कळ येते ती दाब सोडताना. चावलं की चिरेच्या दोन बाजू किंचित फाकतात, सोडलं की झटकन मिटतात. त्यासरशी दाताच्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि आतली नस डिवचली जाते. म्हणून आम्ही दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी पट्टी ठेवून चावायला सांगतो. रुग्ण तोंड उघडता उघडता दचकला, की जागा सापडली.

सुपारी, बर्फ, भातातला खडा, झोपेत दात खाण्याची सवय, जुनी मोठी चांदी भरलेली दाढ, ही नेहमीची कारणं. रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं, म्हणून कॅप राहूनच गेली, अशा दाढा फुटताना पाहून फार वाईट वाटतं. ते टाळता येण्यासारखं असतं.

मोडलेलं हाड सांधतं, दाताची चीर सांधत नाही. ती वरच्या भागातच असेल तर कॅपने दाढ आवळून धरता येते. नसेपर्यंत गेली असेल तर बहुधा आधी रूट कॅनाल. मुळापर्यंत दुभंगली तर मात्र दाढ काढावीच लागते. म्हणून थंड पाण्याची कळ आणि चावतानाची सणक सहन करत महिने घालवू नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत दुसऱ्या बाजूने चावा. दुखऱ्या जागी मिश्री, तंबाखू लावू नका, हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळीही धरू नका, तिथली त्वचा भाजते. पुढच्या दाताचा तुकडा पडला असेल तर तो दुधात ठेवून सोबत आणा, पुष्कळदा तोच पुन्हा चिकटवता येतो.