दूध पावडर म्हणजे डाळ नव्हे



गणपती जवळ आले की आपल्या बचत गटांत पेढे, बर्फी, गुलाबजामच्या ऑर्डरी सुरू होतात. त्यासाठी दूध पावडर येते, तीही नेमकी पावसाळ्यात. वस्तू महाग, हवा दमट. म्हणून आज ती घरात नीट कशी ठेवायची, तेवढंच बोलू.

डाळीला ओल लागली की आपण ऊन दाखवतो. पावडरीला मात्र ऊन दाखवू नका. फुल क्रीम पावडरीत १०० ग्रॅमला किमान २६ ग्रॅम स्निग्धांश असतो. ऊन, उष्णता आणि हवा लागली की तो खवट होतो. बिनसायीची पावडर जास्त दिवस टिकते, पण ओल तिलाही सोसत नाही.

पाकीट फोडलं की पावडर घट्ट झाकणाच्या, अगदी कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. पाकिटावरची शेवटची तारीख कापून डब्यावर चिकटवा, शेजारी फोडल्याचा दिवस लिहा. डबा चुलीजवळ किंवा गॅसवरच्या फळीवर नको. मसाले, रॉकेल, फिनेल यांच्या शेजारीही नको, कारण पावडर वास पटकन धरते. चमचा कोरडा हवा. उकळत्या भांड्यावर डबा धरून पावडर ओतू नका, वाफ आत जाते. आधी वाटीत काढून घ्या. फ्रीजमध्ये ठेवलाच, तर बाहेर काढल्यावर डब्याचा गारवा जाऊ द्या, मगच झाकण उघडा. नाहीतर आत पाणी सुटतं. आणि जुन्या पावडरीवर नवी ओतू नका.

बोटाने चुरली जाणारी गुठळी असेल आणि वास चांगला असेल, तर ती चाळून लगेच वापरा. गुठळी दगडासारखी झाली, रंग पिवळा-तपकिरी पडला, जुन्या तेलासारखा वास आला, तर फेकून द्या. साखर-वेलदोड्याने तो वास झाकत नाही. एक खवट पेढा गेला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि नाव सगळ्या गटाचं जातं.

आता खरेदीचं. २५ किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण हातात तेवढी ऑर्डर असेल तरच. एरवी किलो-किलोची पाकिटं घ्या आणि एक संपल्यावरच दुसरं फोडा. फेकलेली पावडर म्हणजे आपल्या सगळ्यांची बचत.

आणि पाणी घालून कालवली की ती पावडर राहिली नाही, दूध झालं. लागेल तेवढीच कालवा.

पुढच्या बैठकीला येण्याआधी आपापल्या डब्यावरची तारीख बघून या.