भिंतीवर कोरलेली तक्रार



चौथी इयत्तेनंतर आमची शाळा सुटली. पुढचे वाचन कारखान्याच्या दारातल्या हँडबिलांवर झाले. असा माणूस इंग्लंडातल्या जुन्या चर्चविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. पण त्या चर्चच्या भिंतींवर आमच्याच कामाचा मजकूर आहे.

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायरमध्ये ॲशवेल नावाचे गाव आहे. तिथले सेंट मेरीचे चर्च हे पॅरिश चर्च, म्हणजे साऱ्या गावाचे देवालय. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, सारे तिथेच. बांधकाम मुख्यत्वे चौदाव्या शतकातले. मनोरा १७६ फूट उंच. दगड मात्र क्लंच नावाचा, खडूच्या जातीचा. बाहेर तो पावसाने झिजतो. आत मात्र टोकदार खिळ्यानेही त्यावर अक्षर उमटते.

मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कोणी लॅटिनमध्ये खरडून ठेवले आहे की, १३५० साली महामारीतून उरला तो केवळ समाजाचा गाळ. आणि पुढे १३६१ च्या भयंकर वादळाची नोंद आहे. (आजच्या गणनेने ते जानेवारी १३६२; त्या काळी तिथे नवे वर्ष मार्चात लागे.) एका खांबावर वेगळाच राग आहे: कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नाहीत, थू!

आता या अक्षरांशेजारी त्या काळचा कायदा ठेवून पाहा. महामारीने इंग्लंडातली निदान एकतृतीयांश माणसे नेली. हात कमी पडले, मजुरी चढली. राजा तिसरा एडवर्ड याने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदा झाला, की मजुरी महामारीपूर्वीचीच राहील. दरही ठरवून दिले: मुख्य पाथरवटाला दिवसाला ४ पेन्स, इतर गवंड्यांना ३, त्यांच्या हाताखालच्या माणसांना दीड. काम नाकारील त्याला तुरुंग. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड उठले, त्यात डोईपट्टीबरोबर हाही संताप होता.

ज्याला राज्यकर्ते दीड पेन्सांचा माणूस म्हणत, त्याचे नाव कुठल्या दप्तरात सापडायचे? पण त्या काळचे दुःख आणि कामातली चूक भिंतीला सांगितली गेली, आणि मऊ दगडाने ती साडेसहाशे वर्षे जपली.

आमच्या कचेरीत तक्रारी येतात त्या फाटक्या कागदावर, अशुद्ध अक्षरांत. तरुण कार्यकर्ते त्या शुद्ध करून लिहितात आणि मूळ कागद टाकून देऊ पाहतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो: बाबांनो, शुद्ध प्रत साहेबाला द्या, मूळ कागद मात्र आपल्या कपाटात ठेवा.