सरपणांतलें पाणी



आज मी आपणापुढें सरपणाविषयीं चार शब्द बोलणार आहें. विषय हलका वाटेल. पण जिच्या डोक्यावर मोळी असते त्या माउलीला तो हलका वाटत नाहीं. 2016 सालापासून उज्ज्वला योजनेनें खेड्यापाड्यांत गॅसच्या टाक्या आल्या हें खरें. तरी भाकरीची चूल आणि न्हाणीचा बंब अजून पुष्कळ घरीं लांकडावरच पेटतो.

नुकत्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या सुमारास पाणीच असतें. म्हणजे वीस किलोंची ओली मोळी आणणारी बाई दहा किलो पाणी रानांतून उगीच वाहून आणते! चुलींत त्या पाण्याची वाफ करण्यांत लांकडाच्या उष्णतेचा सुमारें सातवा हिस्सा खर्ची पडतो. पण खरी लूट पुढेंच आहे. लांकूड तापलें कीं त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांश तरी भाग वायुरूप होऊन बाहेर पडतो, आणि ज्वाळा दिसते ती या वायूचीच. ओलाव्यानें चूल थंड राहिली म्हणजे हा वायू न पेटतांच निघून जातो. त्यालाच आपण धूर म्हणतों. धूर म्हणजे न जळलेलें सरपण! तो भिंतीवर काजळी होऊन बसतो, आणि बायकापोरांच्या छातींत खोकला होऊन. कित्येक म्हणतात, बायकांना धुराची सवयच असते. फुप्फुसांना कसली सवय? असें बोलणाऱ्यानें एक पावसाळा फुंकणी हातीं धरून पाहावी.

आतां वाळविण्याचें. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या कार्तिक-मार्गशीर्षांत छाटाव्या व लगेच फोडून मनगटाच्या जाडीचे तुकडे करावे. साल ओल धरून ठेवते. अखंड ओंडका वर्षानेंही आंतून ओला निघतो. जमिनीची ओल वर चढते, म्हणून खालीं दगड किंवा वांसे घालून रचावें. वर पत्रा, पण बाजू मोकळ्या. पुष्कळ लोक ढीग चोहोंकडून प्लॅस्टिकनें गुंडाळतात. त्यानें ओल आंतच कोंडते. चैत्र-वैशाखाचें ऊन खाल्लें कीं आषाढाला सरपण तयार. परीक्षा सोपी आहे: दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजले तर वाळले. भद्द वाजले तर ओले.

चुलीचें तोंड लांकडांनीं ठासूं नये. दोन-तीन बारीक तुकडे, तेही टोंकाशींच जळणारे, आणि मधून वाऱ्याला वाट. विस्तवाखालीं लोखंडी जाळी बसविली तर फारच उत्तम. साध्या चुलींत उष्णतेचा दहावा हिस्सा कसाबसा भांड्याला लागतो. सरकारनें 1980 च्या दशकांत सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला होता. तो 2002 सालीं बंद झाला. पुष्कळ ठिकाणीं बसविणारा निघून गेला, आणि धुराडें काजळीनें बुजलें. ज्यांच्या घरीं धुराडें आहे त्यांनीं तें महिन्यांतून एकदां झाडावें. हें काम पुरुषांनीं शिडी लावून करावें.

पावसाळ्यांत उद्यांचें सरपण आज संध्याकाळीं चुलीपासून हातभर अंतरावर मांडून ठेवावें. वैलाला चिकटवून ठेवूं नये; रात्रीं निखारा उडतो.