स्वस्त फ्रॉक कोट कशामुळे मिळू लागला?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमधला साधा कारकूनही कचेरीत मालकासारखाच काळा फ्रॉक कोट घालून जाऊ लागला. छातीला चपखल, कमरेवर शिवण आणि खाली गुडघ्यापर्यंत घेर असा हा कोट बेतायला अवघड. तरीही तो कारकुनाला परवडू लागला, ही शिवणयंत्राची करामत असे सर्रास सांगितले जाते. मला हे पटत नाही. सिंगरला यंत्राचे पेटंट मिळाले ते १८५१ साली. त्याआधीच, १८४०च्या दशकात, लंडनच्या आल्डगेट भागातले ‘ई. मोझेस अँड सन’ हे दुकान ठरलेल्या भावात तयार कपडे विकत होते आणि दूरगावच्या गिऱ्हाइकांना आपले माप आपणच कसे घ्यावे याच्या सूचना पाठवत होते. कुणी म्हणेल, फ्रान्सच्या तिमोनिएने १८३० मध्येच यंत्राचे पेटंट घेतले होते. खरे आहे, पण ती यंत्रे लष्कराचे गणवेश शिवण्यासाठी होती आणि १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. लंडनचा कोट त्यांच्यामुळे स्वस्त झालेला नाही.

मग कशामुळे झाला? पहिले कारण मापाची फीत. पूर्वी शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वेगळी पट्टी घेऊन तिच्यावर खुणा करी. ती पट्टी दुसऱ्याच्या उपयोगाची नसे. इंचांची फीत आल्यावर माप आकड्यांत उतरले, छातीच्या मापावरून बाकीची मापे काढण्याच्या पद्धती छापून निघाल्या, आणि गिऱ्हाईक समोर नसतानाही कापड बेतता येऊ लागले. बेतणारा एक, शिवणारे अनेक, अशी कामाची फोड झाली. दुसरे कारण मजुरी, आणि माझ्या मते तेच मोठे. १८३४चा लंडनच्या शिंप्यांचा संप फसला, त्यांची संघटना खिळखिळी झाली आणि काम दुकानातून उठून मध्यस्थांमार्फत घराघरांत उक्त्यावर जाऊ लागले. पत्रकार हेन्री मेह्यूने १८४९-५० मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या वृत्तपत्रात या शिंप्यांच्या हकिकती त्यांच्याच तोंडून मांडल्या. दिवे आणि दोरा स्वतःच्या पैशाने आणून, बायकामुलांना हाताशी घेऊन रात्रीपर्यंत शिवणारी ती माणसे होती. लेखक चार्ल्स किंग्जलेने १८५० साली स्वस्त कपड्यांवर जळजळीत पुस्तिका लिहिली ती याच संतापातून.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गरीब माणसाला नीटनेटका कोट मिळाला, नोकरी मागायला जाताना त्याची मान ताठ राहिली, हे काय थोडे झाले? थोडे नक्कीच नव्हे. त्याआधी त्याच्या वाट्याला बहुधा जुन्या बाजारातले उतरलेले कपडेच येत. पण ही सोय पुरवायला शिंप्याच्याच पोटाला चिमटा का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. यंत्राने पुढे ही पिळवणूक थांबवली असेही म्हणता येत नाही. लांब शिवणींवर टीप पटकन बसू लागली, पण कॉलरला आकार देणे आणि काज करणे ही कामे बराच काळ हातावरच राहिली. वाचलेल्या वेळाचा फायदाही शिवणाऱ्याच्या पदरात पडला नाही. सिंगरच्या पेटंटला जवळजवळ चार दशके होत आली, तेव्हा, १८८८ साली, ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाला शिवणाऱ्यांच्या घामावर चालणाऱ्या याच मध्यस्थी धंद्याची चौकशी करायला समिती नेमावी लागली.