केदारतालला निघालेल्या तुकडीसाठी

परीक्षा संपत आल्या की कॉलेजांच्या ट्रेकिंग क्लबांमध्ये हिमालयाचे बेत ठरू लागतात. त्यात केदारतालचं नाव निघालं की मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. गढवालमधला हा तलाव सुमारे ४,७५० मीटर उंचीवर आहे. समोर ६,९०४ मीटर उंचीचा थलयसागर, शेजारी भृगुपंथ. इथून निघालेली केदारगंगा खाली गंगोत्रीला भागीरथीला मिळते. तरुण वयात असं ठिकाण पायी चालत जाऊन पाहावं, असं मला मनापासून वाटतं. मी डॉक्टर आहे आणि मुलांच्या तुकड्यांबरोबर डोंगरात जात आले आहे. आज बोलणार आहे ते अशा तुकडीशी, तिच्या लीडरांशी आणि घरी थांबणाऱ्या आई-वडिलांशी.

आधी उंचीचा हिशेब. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. गंगोत्री साधारण ३,१०० मीटरवर. म्हणजे बसमधून उतरून पहिला चहा घेता तेव्हाच तुम्ही जवळपास दोन कळसूबाईंच्या उंचीवर असता, आणि तलावापर्यंत आणखी एक कळसूबाई उरलेली असते. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच असतं, सुमारे २१ टक्के. पण हवेचा दाब कमी होतो, आणि केदारतालला प्रत्येक श्वासात समुद्रकिनाऱ्यावरच्या निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन मिळतो. शरीर याला जुळवून घेतं, मात्र त्याला दिवस द्यावे लागतात. नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्यालाही यातून सूट नाही. उलट दमदार मुलं भराभर उंची गाठतात आणि त्यामुळेच पुष्कळदा अडचणीत येतात.

डॉक्टरांचा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. आता नेहमीचा कार्यक्रम बघा. गंगोत्री, मग भोजखरक सुमारे ३,८०० मीटरवर, मग केदारखरक सुमारे ४,३०० मीटरवर, आणि चौथ्या दिवशी तलाव. पहिलीच उडी ७०० मीटरची! म्हणून माझा आग्रह आहे: गंगोत्रीत दोन रात्री आणि भोजखरकला दोन रात्री. मधल्या दिवशी तंबूत लोळत पडू नका. थोडं वर चढून या आणि झोपायला परत खाली या. तलावाकाठचा मुक्काम टाळा. केदारखरकहून पहाटे निघा, तलाव डोळे भरून बघा आणि रात्री केदारखरकलाच झोपा. यात दोन दिवस वाढतात, खर्च वाढतो. तरीही मी यात काटछाट सुचवणार नाही.

हे सगळं पाळूनही कुणाला ना कुणाला त्रास होतोच, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. ज्याला त्रास होतो, तो सांगत नाही! सगळे हसत-गात असतात, आपल्या एकट्यामुळे तुकडी थांबायला नको, असं वाटतं. बाबांनी पैसे भरलेले असतात. मित्राने कालच कुणाला तरी 'लिंबूटिंबू' म्हणून चिडवलेलं असतं. मग डोकं दुखत असताना मुलगा गुपचूप गोळी घेतो आणि चालत राहतो. नेपाळमध्ये ट्रेकरांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा आपापल्या सोयीने चालणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या कार्यक्रमाने जाणाऱ्या गटांत उंचीच्या आजाराने दगावणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. गटाला तारखा असतात, परतीची तिकिटं असतात, आणि गटासमोर बोलायची लाज असते.

म्हणून लीडरांना माझी विनंती आहे. सकाळी सगळ्यांना गोल उभं करून "सगळे ठीक ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं. तंबूतंबूत जा, एकेकाशी हळू बोला आणि नेमकं विचारा. रात्री किती जेवलास? उलटीसारखं वाटलं का? झोप लागली? लघवीला किती वेळा गेलास? डोकं दुखतंय का, आणि गोळी घेतलीस का? डोकेदुखीच्या जोडीला भूक मरणं, मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. त्या दिवशी त्याने एक पाऊलही वर टाकायचं नाही. बरं वाटलं तर उद्या बघू.

दोन खुणा मात्र थांबायला वेळ देत नाहीत. एक, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं. ही मेंदूला सूज आल्याची खूण. दुसरी, बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, ओठ निळसर होणं. ही फुप्फुसात पाणी भरल्याची. ते बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री बळावतं. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नका. वाट सुरक्षित असेल तर रात्रीसुद्धा खाली उतरवा, शक्यतो उचलून न्या, आणि बरोबर दोन धडधाकट माणसं द्या. डायमॉक्स या गोळीबद्दल मला नेहमी विचारतात. उंचीचा त्रास टाळायला ती उपयोगी आहे, पण घरच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. झोपेची गोळी आणि दारू वर्ज्यच.

कोण कुणाला घेऊन परतणार, हे गंगोत्री सोडण्यापूर्वी सगळ्यांसमोर ठरवा. पहिला परतणारा निघाला तर अमुक लीडर जाईल, दुसरा निघाला तर तमुक. परतणं कार्यक्रमातच लिहिलेलं असलं की मूल तोंड उघडतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं सांगते. वाटेत आडोसा नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी डोकं ठणकतं, आणि ते उंचीमुळे की पाण्यावाचून हे मलाही चटकन सांगता येत नाही. प्रत्येक मुक्कामावर शौचाचा तंबू हवाच. तो पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असावा. वाटेत दर तासा-दीड तासाला मुलींसाठी वेगळा थांबा ठेवा. पाळी आली असेल तर ते कुणाला सांगायचं, ती ताई निघण्यापूर्वीच माहीत असू द्या. वापरलेले पॅड गाडायचे नाहीत, पिशवीत बांधून खाली आणायचे.

पोर्टरही माणसंच आहेत, त्यांनाही ही विरळ हवा बाधते, आणि रोजी बुडेल म्हणून तेही गप्प राहतात. सकाळच्या फेरीत त्यांच्या तंबूत जायला विसरू नका. त्यांच्या अंगावर गरम कपडे आहेत का, तेही बघा.

बाकीचं थोडक्यात. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात जायला वन विभागाचा परवाना लागतो. जीन्स नको, सुती बनियन नको. भिजलं की वाळत नाही. भोजखरकच्या पुढे दगड घसरणारा टप्पा सकाळीच पार करा, ऊन चढलं की वरचे दगड सुटतात. आणि तलावात उडी मारायची नाही. बर्फाच्या पाण्यात श्वास एकदम आखडतो आणि चांगला पोहणाराही बुडतो.

आता आई-वडिलांशी. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा: गंगोत्रीत किती रात्री? किती मुलांमागे किती लीडर? माझं मूल मध्येच परतलं तर त्याच्याबरोबर कोण येणार? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर पैसे भरू नका. आणि मुलाला स्टेशनवर सोडताना स्वतःच्या तोंडाने सांगा, की अर्ध्यातून आलास तरी पैशांचा विषय या घरात निघणार नाही.

मूल हिमालयात पहिल्यांदाच जात असेल, तर मी केदारताल सुचवणार नाही. त्याच उत्तरकाशी जिल्ह्यात डोडीताल आहे, सुमारे ३,००० मीटरवर, गर्द जंगलातून जाणाऱ्या वाटेचा. यंदा तिथे जाऊ द्या. केदारतालचा विचार पुढच्या वर्षी करा.