विस्मरण सारखे, आजार निराळे



दादी नातवाचे नाव विसरली, की आपण "वय झाले" म्हणतो. अंगणात नसलेली मुले तिला दिसू लागली, की कोणी झाडफूंक सुचवतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारायचे मात्र राहून जाते.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे. तो अनेक आजारांतून उद्भवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना तो आहे. त्यामागे कोणता आजार आहे हे ओळखण्यास मेंदूलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, मदत करतो.

जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदविल्या. या तपासणीत डोक्यावर लहान चकत्या लावतात. त्यांतून मेंदूत वीज सोडत नाहीत. मेंदूत उमटणारी वीज त्या टिपतात. दुखत काहीच नाही. निरोगी माणूस जागेपणी डोळे मिटून स्वस्थ पडला, की डोक्याच्या मागील भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ लहरी उठतात. अल्झायमरमध्ये त्या हळूहळू मंदावतात. 'लेवी बॉडी' प्रकारात हा मंदपणा मागील भागात ठळक दिसतो आणि कमीजास्त होत राहतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्याला पूरक पुराव्याचे स्थान आहे. मेंदूचा पुढचा भाग झिजतो त्या प्रकारात मात्र आलेख बराच काळ नेहमीसारखा राहू शकतो.

हा भेद कशासाठी करायचा? लेवी बॉडीच्या रुग्णाला भास होतात. ते थांबविण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले, तर अंग ताठरू शकते, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपल्या माणसाला कधीही देऊ नका.

केवळ आलेखावरून निदान होत नाही, हेही ध्यानात ठेवा. रक्ततपासणी, मेंदूचे स्कॅन आणि घरच्यांची हकीकत यांची जोड लागते. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ ची कमतरता निघाली, तर उपचाराने सुधारणाही होऊ शकते.

विद्यार्थी मित्रहो, इथे तुमचे काम आहे. एक वही घ्या. विसरणे केव्हा सुरू झाले, दिवसभरात कमीजास्त होते का, झोपेत ओरडणे वा हातपाय झाडणे आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून ठेवा. दिंडोरीहून नाशिकला मज्जाविकारतज्ज्ञांकडे जाताना ती वही बरोबर न्या. ज्या दादीने तुम्हाला बोलायला शिकवले, तिची हकीकत आता तुम्हीच सांगायची आहे.